नियम आधी की कॅप्टनची अक्कल?

उत्तरवारा (धागाकर्ता)

२१ मे २०२५ ची दिल्ली-श्रीनगर इंडिगो आठवते का? नाक फुटलेल्या विमानाचा तो फोटो? परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो कुणीतरी पुन्हा टाकला आणि जुनीच वाक्यं नव्याने सुरू झाली. "सरळ घुसवायचं पाकिस्तानात, माणसं महत्त्वाची की नियम?" तिथे बोलून उपयोग नव्हता, म्हणून इथे धागा.

आधी घडलं काय ते, डीजीसीएच्या, म्हणजे देशाच्या विमान वाहतूक नियामकाच्या, निवेदनात आलं तेवढंच. एअरबस ए३२१, आत २२७ माणसं. पठाणकोटच्या आसपास समोर गारांचं वादळ. वैमानिकांनी हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडे डावीकडे, म्हणजे सीमेच्या बाजूला, वळायची परवानगी मागितली. नाही मिळाली. मग लाहोरला विचारलं. तिथूनही नकार. पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना २४ एप्रिलपासून बंद होतं आणि ऑपरेशन सिंदूरला जेमतेम दोन आठवडे झाले होते. मागे फिरायचं बघितलं, पण ढग तोवर अंगावर आला होता. तेव्हा त्यातूनच, श्रीनगरकडे सगळ्यांत जवळच्या वाटेने निघायचं ठरलं. आत गेल्यावर वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले, ऑटोपायलट सुटला, एका टप्प्यावर विमान मिनिटाला ८,५०० फूट या गतीने खाली जात होतं. हाताने उडवत बाहेर काढलं, 'पॅन पॅन', म्हणजे तातडीच्या मदतीचा इशारा, दिला, श्रीनगरला उतरवलं. कुणालाही इजा नाही.

आता नियम काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट २ काढून बघा. विमान नियमांप्रमाणेच चालवायची जबाबदारी कॅप्टनची, आणि त्याच वाक्यात पुढे, सुरक्षिततेसाठी अगदी अपरिहार्य झालं तर नियम सोडायची मुभाही त्याचीच. अमेरिकेच्या नियमावलीत तर याहून थेट आहे: आणीबाणीत कॅप्टन गरजेपुरता कोणताही नियम बाजूला ठेवू शकतो. म्हणजे नियम मोडायची परवानगी नियमातच लिहिलेली आहे.

पण कागदावरची मुभा आणि कॉकपिटमधली मुभा एकच असते का? नियम म्हणजे कुणीतरी जमिनीवर बसून, शांत डोक्याने, आधीच घेऊन ठेवलेला निर्णय. तो समोरच्या परिस्थितीला लागू पडत नाही असं कॅप्टनला वाटलं, त्याने तो सोडला, आणि उतरल्यावर त्याचं स्वागत चौकशीने झालं, तर पुढच्या वेळी तो किंवा त्याच्याबद्दल वाचलेला दुसरा कुणी काय करेल? श्रीनगरच्या दोघांनाही चौकशी होईपर्यंत उड्डाणावरून बाजूला काढल्याच्या बातम्या होत्या. रीत म्हणून ते ठीक असेलही. पण बाकीचे वैमानिक ते बघत असतात.

माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल. तुमचं काय?

चिंचपोकळीकर

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न आणतो.

खडूस_काका

कल सोडा, मी सरळच सांगतो. या देशात नियम हे बाबू लोकांची कातडी वाचवायला असतात. विमान वाचवतो तो माणूस.

१५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क. उड्डाण केल्याकेल्या पक्ष्यांचा थवा, दोन्ही इंजिनं गेली, उंची तीन हजार फुटांच्याही खाली. चेकलिस्ट कोणती हातात? वीस हजार फुटांवर इंजिनं बंद पडली तर काय करायचं यासाठी लिहिलेली, तीन पानी. ती पुरी वाचत बसले असते तर दुसऱ्या पानावर नदीत गेले असते. कॅप्टन सलनबर्गरने एपीयू, म्हणजे शेपटीकडचं वीज देणारं छोटं इंजिन, यादीत त्याची पाळी यायच्या कितीतरी आधी सुरू केलं. म्हणून विमानाला वीज राहिली, म्हणून ते ताब्यात राहिलं. हडसन नदीवर उतरवलं, १५५ जण जिवंत. हे कुठल्या परिपत्रकात बसतं?

दुसरं, कॅनडा, २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान एक्केचाळीस हजार फुटांवर इंधन संपून ठप्प. कॅप्टन पिअर्सन हौशी ग्लायडरवाला. विमान तिरकं धरून घसरवायची ग्लायडरची युक्ती त्याने एवढ्या जेटवर केली आणि गिमलीच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. तिथे तेव्हा मोटारींची शर्यत चालली होती! ६९ पैकी ६९ वाचले. कंपनीने काय दिलं? सहा महिन्यांसाठी पदावनती. घ्या.

उजवी_सीट

बऱ्याच दिवसांनी लॉग इन केलंय, या धाग्यासाठीच. मी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे, कंपनी विचारू नका.

काका, दोन्ही गोष्टी खऱ्या, पण अर्ध्या. हडसनवर कॅप्टनने विमान स्वतःकडे घेतलं ते ठरलेले शब्द उच्चारून, आणि लगेच शेजारच्या सहवैमानिक स्काइल्सने चेकलिस्ट उघडली. कुणी उडवायचं आणि कुणी वाचायचं यावर एक सेकंदही गेला नाही, कारण ते नियमाने आधीच ठरलेलं होतं. म्हणून कॅप्टनचं डोकं विमान उडवायला मोकळं राहिलं. चेकलिस्ट कमी उंचीसाठी लिहिलेली नव्हती ही त्रुटी होती, आणि चौकशी अहवालानेच ती दाखवली.

आणि गिमली? ते विमान एमईएलप्रमाणे, म्हणजे कोणता बिघाड असताना उडता येतं त्याच्या यादीप्रमाणे, उडायलाच नको होतं. इंधनाचे काटे बंद होते. टाकीत काठी घालून माप घेतलं आणि लिटरचं किलो करताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणलं. तो आकडा पौंडांचा. हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन निघाले. पिअर्सनच्या हातात जादू होती यात वाद नाही, पण ती वापरायची वेळ आली ती खाली जमिनीवर "चालतंय, काठीने मोजलंय ना" म्हटल्यामुळे. कॉमन सेन्सच तो!

खडूस_काका

म्हणजे काठीने मोजणारे मूर्ख होते. ते मी कुठे नाकारलं?

उजवी_सीट

मूर्ख नव्हते हो, हीच तर अडचण. नवीन विमान, नुकतीच बदललेली मापं, आणि सगळे अनुभवी.

आपल्याकडचंच सांगतो, मंगळूर, २२ मे २०१०. विमान हवं त्यापेक्षा खूप उंच आणि वेगात आलेलं. सहवैमानिक तीनदा "गो अराउंड", म्हणजे न उतरता परत वर चला, म्हणाला. कॅप्टनने उतरवायचंच ठरवलं. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर जवळजवळ ५,२०० फूट गेल्यावर चाकं टेकली. १५८ गेले, आठ वाचले. कॅप्टनला हजारो तासांचा अनुभव होता, आणि त्या अनुभवाने त्याला सांगितलं की जमेल.

स्थिर अप्रोचचा, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे नीट खाली येण्याचा, नियम काय आहे तो ऐका. ढगांत असाल तर हजार फुटांवर, स्वच्छ दिसत असेल तर पाचशे फुटांवर, वेग, उतार, चाकं, फ्लॅप सगळं जागच्या जागी पाहिजे. नसेल तर परत वर. चर्चा नाही. हा नियम कडक ठेवलाय तो कॅप्टनला अक्कल नाही म्हणून नव्हे. त्या वीस-तीस सेकंदांत, दमलेल्या माणसाला, समोर धावपट्टी दिसत असताना, "जमेल" हेच उत्तर मिळतं. कुणालाही.

आणि माझ्यासारख्याला त्या नियमाचा आधार वाटतो तो वेगळ्याच कारणाने. डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस असतो, ज्याला मी दिवसभर "सर" म्हणतो. "सर, मला वाटतं हे बरोबर नाही" म्हणणं आणि "अनस्टेबल, गो अराउंड" म्हणणं यात फार अंतर आहे. दुसऱ्यात मी काही 'वाटून' घेत नसतो.

गोदाकाठ

कोझिकोडच्या विमान अपघाताबद्दल कुणीच का बोलत नाही? ७ ऑगस्ट २०२०. कॅप्टन साठे. आपल्यातलेच.

उत्तरवारा (धागाकर्ता)

मुद्दाम टाळलं होतं, ताई. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) निघालेला, हवाई दलात उडवलेला, नागपूरचं घर असलेला माणूस. स्वतःही गेले, सहवैमानिकही, एकूण २१ जण. मराठी वाचकांसमोर लिहायला हात थबकतो.

पण विषय तोच आहे. सप्टेंबर २०२१ च्या अहवालात पहिलं कारण प्रमाणित कार्यपद्धती न पाळणं हेच दिलंय: अस्थिर अप्रोच चालू ठेवला, पाठीमागून वारा असताना निम्मी धावपट्टी गेल्यावर विमान टेकलं, सहवैमानिकाने गो अराउंड म्हटलं, तरी ना कॅप्टनने ते केलं ना सहवैमानिकाने ताबा घेतला. लोक इथेच वाचायचं थांबतात. त्याच अहवालात पुढे असंही आहे की दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कॅप्टनना कोझिकोडला पोचायचं होतं, कारण त्या तळावर कॅप्टनच पुरेसे ठेवलेले नव्हते. पहिल्या अप्रोचला त्यांच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, बाहेर धो धो पाऊस.

म्हणजे "नियम मोडला" हे खरं. पण दुसरीकडे वळणं सहज घेता येईल अशी परिस्थिती कुणी ठेवली होती का, हा प्रश्न कॅप्टनच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही.

चिंचपोकळीकर

पॉपकॉर्न परत ठेवतोय. गंभीर धागा आहे.

मनोऱ्यातून

निवृत्त एटीसी, म्हणजे विमानांना जमिनीवरून वाट सांगणारा कंट्रोलर. आमच्या बाजूचंही थोडं.

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं ७४७ आणि कझाकिस्तानचं इल्युशिन एकमेकांवर आदळलं. ३४९ माणसं. दोघांमध्ये हजार फुटांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं, कझाक विमान आपल्या उंचीच्या खाली उतरत गेलं. तेव्हा दिल्लीला येणाऱ्या आणि जाणाऱ्यांसाठी वाट एकच. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या आणि भारतात टीकॅस सक्तीचं झालं, म्हणजे समोरचं विमान ओळखून "वर जा" किंवा "खाली जा" सांगणारं यंत्र.

यंत्र आल्यावर नवा प्रश्न. यंत्र म्हणतंय वर जा, कंट्रोलर म्हणतोय खाली जा. ऐकायचं कुणाचं? जानेवारी २००१ मध्ये जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन विमानं याच गोंधळातून थोडक्यात वाचली. एकाने कंट्रोलरचं ऐकलं होतं. तेव्हाच जगभर स्पष्ट नियम करता आला असता. नाही झाला. जुलै २००२, युबरलिंगेन, जर्मनी. रशियन विमानातला टीकॅस वर जा म्हणत होता, कंट्रोलर खाली. तिथे कॉकपिटमध्ये बसलेल्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे निर्णय घेतला आणि माणसाचं ऐकलं. समोरचं विमान आपल्या टीकॅसप्रमाणे खालीच चाललं होतं. ७१ गेले, त्यात बरीच शाळकरी मुलं.

आता नियम असा: टीकॅसने सांगितलं की तेच करायचं, कंट्रोलर काहीही बोलो. कंट्रोलरने फक्त वैमानिकाने कळवलेलं ऐकायचं आणि गप्प बसायचं. इथे अक्कल चालवायला जागाच ठेवलेली नाही आणि ठेवूही नये. दोन विमानांतल्या दोन शहाण्या माणसांनी आपापली वेगवेगळी अक्कल चालवली की टक्कर होते. ज्याचं वागणं दुसऱ्याला आधी ठाऊक असायलाच हवं, तिथे नियम कडकच पाहिजे.

निवृत्त_मोटरमन

विमानातलं कळत नाही, रेल्वेतलं सांगतो. लोकलवर उमेदीची वर्षं गेली.

ऑटोमॅटिक सिग्नल लाल असला की थांबायचंच. पण तिथेच गाडी अडकून राहिली तर मागे रांग लागेल. म्हणून दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग पुढे काहीही उभं असेल असं धरून अगदी जपून सरकायचं. बघा, लाल ओलांडायची परवानगी आहे, पण आधी थांबून. त्या मिनिटात डोकं थंड होतं. ज्याने हा नियम लिहिला तो गाडीत बसलेला माणूस असणार.

उत्तरवारा (धागाकर्ता)

काका, वा! नियमच अकलेला जागा करून देतोय.

गुगळी

उलटं उदाहरण देतो, जिथे जागा काढून घेतली. टेनेरिफ हे स्पेनचं बेट, २७ मार्च १९७७. धावपट्टीवर दोन ७४७ ची टक्कर, ५८३ मृत्यू. केएलएम या डच कंपनीच्या कॅप्टनने परवानगी नसताना उड्डाण सुरू केलं हे सगळे सांगतात. हे कमी सांगतात की त्याआधी काही वर्षांपर्यंत डच कॅप्टनला ड्यूटीची वेळ स्वतःच्या अधिकारात वाढवता यायची. मग कायदा कडक झाला: मर्यादा ओलांडली तर कॅप्टनवर खटला, आणि मोजणी इतकी किचकट की आज किती वेळ उरला आहे ते कंपनीला रेडिओवरून विचारावं लागायचं. शेजारच्या बेटावर लास पाल्मासच्या विमानतळात बॉम्ब फुटल्यामुळे तिथली विमानं टेनेरिफला अडकलेली, धुकं उतरत आलेलं, आणि या माणसाच्या डोक्यात घड्याळ. ड्यूटीची मर्यादा थकव्यापासून वाचवायला होती, आणि त्या दिवशी तिनेच घाई लावली. कारणं इतरही होती, रेडिओवर दोघे एकाच वेळी बोलले वगैरे. पण हेही एक होतं.

गोदाकाठ

गुगळी, याच्यावर मला बोलायचंय. माझा मुलगा को-पायलट आहे. मला ड्यूटीचा नियम कडकच हवा! आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली, हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली होती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं? इंडिगोने माणसंच तेवढी ठेवली नव्हती. हजारो फेऱ्या रद्द, विमानतळांवर बॅगांचे ढीग, आणि शेवटी डीजीसीएने त्याच कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट दिली. म्हणजे कॅप्टनने नियम सोडला तर चौकशी, आणि कंपनीने तयारी केली नाही तर सवलत?

"मी थकलोय, उडवू शकत नाही" म्हणायचा हक्क नियमात आहे म्हणे. माझा मुलगा म्हणतो, आई, एकदा म्हटलं की पुढच्या महिन्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, बघ कसं येतं. कंपनी कुठली ते लिहीत नाही.

उजवी_सीट

काकू, अगदी हेच. साठ प्रवाशांचा आरडाओरडा ऐकून मला त्रास होत नाही. रोस्टर बघून होतो.

ब्रेथ अ‍ॅनालायझरचंही असंच. आपल्याकडे मर्यादा शून्य, उड्डाणाआधी रोज फुंकायचं, माउथवॉशसुद्धा वर्ज्य. बाहेरच्या देशांत बहुतेक ठिकाणी अधूनमधून, अचानक तपासणी. आमच्यातले पुष्कळ जण यावर कुरकुरतात, मी नाही. शून्य म्हणजे शून्य, वाद मिटला. दारूच्या बाबतीत "मला काही झालेलं नाही" असं पिणाराच आधी म्हणतो.

खडूस_काका

सगळे नियमांचे वकील जमलेत. बरं, मग धुक्याचं बोला. दिल्लीला धुक्यात तासन्‌तास बसवून ठेवतात. बाहेर दिसतंय मला खिडकीतून! शेजारचं विमान गेलं, आमचं नाही. ही अक्कल का?

मनोऱ्यातून

खिडकीतून आडवं दिसतं, काका. धावपट्टीवर किती मीटर दिसतंय ते यंत्र मोजतं. शेजारचं गेलं कारण त्या विमानाची, त्या धावपट्टीची आणि त्या दोन्ही वैमानिकांची तेवढ्या धुक्यात उडायची मान्यता होती. तुमच्यापैकी एकाची नसेल तर संपलं. उतरतानाही तेच: दृश्यमानता ठरलेल्या आकड्याखाली असेल तर हजार फुटांच्या खाली यायचंच नाही.

आणि या नियमाची वेळ टळली की काय होतं तेही सांगतो. ऑगस्ट २०१५, दोहाहून कोचीला येणारं जेट एअरवेजचं विमान. कोचीला पुन्हापुन्हा प्रयत्न, मग तिरुवनंतपुरम, तिथेही दिसेना, इंधन संपत आलेलं. शेवटी मेडे, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, देऊन, जिथे नियमाप्रमाणे उतरता येणार नाही अशा दृश्यमानतेत उतरवलं. तेव्हा कॅप्टनने नियम मोडला ते बरोबरच होतं, दुसरा मार्गच नव्हता. पण तो मार्ग संपला कुठे? कोचीवर.

खडूस_काका

ठीक. मग उजवी सीट, गोल गोल न फिरता सांगा. त्या दिवशी पठाणकोटवर तुम्ही डावीकडे बसला असता तर ढगात गेला असता की लाहोरकडे? नियमातली ती पळवाट आहेच म्हणताय ना.

उजवी_सीट

पहिलं, माझ्या कल्पनेतला कॅप्टन तिथवर जातच नाही. विमानाच्या रडारवर लांबवर तांबडं, म्हणजे जोराचं वादळ, दिसलं की तेव्हाच वाट बदलायची, किंवा अमृतसर-दिल्लीकडे फिरायचं. हे खुर्चीत बसून म्हणतोय. त्यांना रडारवर काय दिसत होतं, ते मला ठाऊक नाही. गारा कोरड्या असल्या तर रडारवर फिक्या दिसतात.

दुसरं, ढग समोर आणि दोन्हीकडून नकार, अशीच वेळ आली तर. एरवी कुठल्याही सीमेवर मी मेडे देऊन वळलो असतो आणि नंतर उत्तरं दिली असती. परिशिष्ट २ त्यासाठीच आहे. पण ते वाक्य लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलंय की पलीकडचा माणूस रेडिओ ऐकून विमान ओळखेल. मे २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात, दोन्हीकडे क्षेपणास्त्रं तयार असताना, २२७ जणांना घेऊन परवानगीशिवाय तिकडे? नाही गेलो असतो. ढगाला निदान माझ्याशी वैर नसतं. मीही बहुधा त्यांनी केलं तेच केलं असतं आणि त्यांच्याइतकं चांगलं जमलं असतं का, सांगता येत नाही.

खडूस_काका

पटलं नाही पूर्ण. नॉर्दर्न कंट्रोलने निदान आपल्याच हद्दीत थोडं डावीकडे द्यायला हवं होतं, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही. पण तुम्ही सरळ बोललात, ते बरं वाटलं.

मनोऱ्यातून

काका, तो प्रश्न मलाही आहे. हवाई दलाचं म्हणणं असं होतं की त्यांनी लाहोरची फ्रिक्वेन्सी दिली आणि श्रीनगरपर्यंत दिशा-वेग सांगत मदत केली. माझ्या नोकरीतलं सांगायचं तर, नकार देताना सोबत दुसरी वाट सुचवायची, ही आमच्याकडे लिखित नसलेली पण पाळली जाणारी गोष्ट. लष्करी कंट्रोलरला त्या आठवड्यात ती मोकळीक होती का, हा खरा मुद्दा. त्याच्याही डोक्यावर त्या वेळी एक नियमच होता.

उत्तरवारा (धागाकर्ता)

इंधन आणि डायव्हर्शनवर (विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवणं) इथे बरंच अवांतर झालंय, त्याचा वेगळा धागा काढतो. मोटरमन काका, तुम्ही रेल्वेवर एक काढा ना.

निवृत्त_मोटरमन

टायपिंग हळू आहे. नातवाला बसवतो रविवारी.